समुद्र दाराशी म्हणजे नेमका किती दाराशी? कॅरिबियनमधल्या छोट्या रिसॉर्टांचे अनुभव

कोयरी
आज पुरण शिजत टाकलं आणि जायफळाची डबी उघडली, तर आत शेवटचं एकच. कवचासकटचं, हलवलं की खुळखुळतं ते. ग्रेनाडाहून आणलेलं. ते हातात घेतलं आणि २०१९ चा फेब्रुवारी आठवला. टोरंटोत बर्फ उपसून कंबरडं मोडलं होतं, नवरा म्हणाला कुठेतरी ऊन बघू.

त्याने तेवीस रिसॉर्टांचा तक्ता केला. सगळ्यांच्या फोटोत तोच निळा तलाव, तोच झोका, तीच टोपी घातलेली बाई. सगळीकडे 'समुद्राला लागून' लिहिलेलं. मी वैतागून पाच जणांना ईमेल टाकली : खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत किती पावलं, आणि मध्ये रस्ता आहे का? दोघांनी माहितीपत्रक पाठवलं, दोघांनी काहीच नाही. पाचव्या ठिकाणच्या मालकीणबाईंनी लिहिलं, "बेचाळीस. माझी पावलं, मी बुटकी आहे. वाटेत बदामाचं झाड आहे, त्याच्या सावलीत कुत्रा झोपतो, तो उठत नाही, त्याला ओलांडून जावं लागेल." तिथेच ठरलं!

अकरा खोल्या, ग्रँड आन्स किनारा, विमानतळावरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. बदामाचं झाड म्हणजे आपल्या शाळेच्या आवारात असायचं तेच, लाल पानांचं. कुत्रा खरंच उठला नाही. रोज दुपारी नळाचं पाणी जायचं, बाई बादली भरून दारात ठेवायच्या, माझ्या आजोळची आठवण यायची. नाश्त्याला जायफळाच्या फळाच्या गराचा जॅम. कोकणात सालीचं लोणचं घालतात, तशीच किंचित तुरट चव. त्यांच्या झेंड्यावरही जायफळ आहे बरं का. २००४ च्या इव्हान वादळात बेटावरची बहुतेक झाडं आडवी झाली, आणि नवं झाड धरायला सहा-सात वर्षं जातात. बाईंच्या परसातलं झाड नंतर लावलेलं. निघताना फळ फोडून दाखवलं, आत लालभडक जायपत्रीचं जाळं, आणि मूठभर बिया हातावर ठेवल्या.

तुम्ही कसं निवडलंत, काय फसलं, लिहा. मी पुरण बघते.

हर्णैकर
बेचाळीस पावलं! आमच्या ठिकाणी पावलं नव्हतीच, शिडी होती. बोनेअर बेट. मी डायव्हिंगवाला, त्यामुळे मला स्वर्ग. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यावर जागेचं नाव, गाडी लावा आणि थेट पाण्यात शिरा. पण किनारा म्हणजे मेलेल्या पोवळ्याचा धारदार कातळ. मुलांनी बादली-फावडं घरून नेलं होतं ते तसंच परत आलं. बायको अजून ऐकवते. 'समुद्राला लागून' खोटं नव्हतं, वाळू आहे असं त्यांनी कुठे म्हटलं होतं!

चिंगी_न्यूजर्सी
हसून हसून पुरेवाट. बायकोची बाजू घेतेय.

सातूचं_पीठ
आमची गोष्ट वासाची. डॉमिनिकन रिपब्लिकची पूर्वेची बाजू, मे महिना, ऐन सवलतीचा दर. फोटो काचेसारखे स्वच्छ. पोचलो तर किनाऱ्यावर गुडघाभर तपकिरी शेवाळ, सार्गासम. ट्रॅक्टर सकाळी उचलून न्यायचे, संध्याकाळी तेवढंच परत. कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास. सासूबाई जन्मात अंड्याला शिवलेल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "इथले लोक नाश्त्याला किती अंडी खातात गं!" 😂

आणि ऐका, चौथ्या दिवशी माझी चांदीची जोडवी काळी ठिक्कर. मला वाटलं भेसळ, सोनाराला शिव्या घातल्या. त्या वासाचा वायूच चांदी काळी करतो हे घरी येऊन कळलं. सोनाराची मनातल्या मनात माफी मागितली.

२०११ पासून हे शेवाळ मोठ्या प्रमाणात यायला लागलंय. अटलांटिककडून येतं, म्हणून पूर्वेच्या आणि वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर जास्त, पश्चिमेला बऱ्यापैकी सुटका. आता मी हॉटेलच्या आधी नकाशात किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघते. आणि फोटो प्रवाशांनी टाकलेले, मागच्या आठवड्यातले.

कोयरी
सातू, जोडवी!! बाई गं.

रिकामटेकडा
पुरणात जायफळ की वेलची? आमच्याकडे फक्त वेलची. जायफळ श्रीखंडात.

अधमुरं_दही
दोन्ही. भांडण संपलं.

तळ्यात_मळ्यात
मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. सेंट लुशिया. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला व्ह्यू फोर्टला, आमचं रिसॉर्ट उत्तरेत रॉडनी बेला. नकाशात वीतभर. प्रत्यक्षात दीड तास, नुसती वळणं. कुंभार्ली घाट पावसात केलाय त्यांना कळेल. धाकटीने दोनदा ओकारी काढली, टॅक्सीवाल्या काकांनी आल्याच्या वड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. कॅस्ट्रीजला दुसरा छोटा विमानतळ आहे, पण तिथे बेटाबेटांमधली छोटी विमानंच उतरतात. परत गेलो तर दक्षिणेला सूफ्रिएरजवळ राहीन, पिटॉनचे दोन सुळके समोर. तिथली वाळू मात्र काळपट, ज्वालामुखीची. बायकोला पांढरी हवी, म्हणजे परत चर्चा. ऑफिसचा कॉल आला, नंतर लिहितो

वाटाण्याच्या_अक्षता
नंतर लिहितो म्हणणारे कधीच लिहीत नाहीत.

पेणचा_पाहुणा
आम्ही अमेरिकेत एच-वन व्हिसावाले, दरवेळी कुठल्या बेटाला व्हिसा लागतो ते शोधायचा कंटाळा. म्हणून सेंट जॉन, अमेरिकेचंच बेट. सेंट थॉमसला विमानाने, रेड हुकवरून फेरी, वीस मिनिटांत क्रूझ बे. बेटाचा निम्म्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे किनाऱ्यावर राहायच्या जागा मोजक्या आणि महाग. आम्ही डोंगरावर चार खोल्यांच्या घरात राहिलो, समुद्र नुसता दिसायचा. जीप घेतली. तिथे गाडी डावीकडून चालवतात, पण गाड्या अमेरिकेच्या, स्टिअरिंगही डावीकडे! पुण्याची सवय आणि अमेरिकेची सवय दोन्ही एकाच वेळी चुकतात. बायको शेजारच्या सीटवर बसून सगळे गणपती आठवायची.

ट्रंक बेला सकाळी आठाला गेलो तर किनारा आपला, अकरानंतर जहाजांवरचे लोक येतात. आणि सनस्क्रीन बघून घ्या, २०२० पासून पोवळ्यांना मारणारी रसायनं असलेली तिथे बंद आहेत. माझी मोठी बाटली फुकट गेली.

लिंबूटिंबू
शाकाहारी काय खातात तिथे?? आई येणारे, कांदा-लसूण चालतो, अंडं नाही.

हर्णैकर
बोनेअरला मी मासे खाल्ले. तीन वेळा. अनुभव उपयोगाचा नाही, क्षमस्व.

चिंगी_न्यूजर्सी
लिंबू, जमैकात 'आयटल' विचार. तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण, नारळाच्या दुधातली कडधान्यं, भोपळा, कच्ची केळी. बरेच जण मीठ घालत नाहीत, जवळ ठेव. आम्ही नेग्रिलला नऊ खोल्यांच्या जागी होतो, मागच्या गल्लीतला म्हातारा दुपारी बारालाच खांबावर नारळाची करवंटी उलटी टांगायचा, म्हणजे जेवण संपलं. साडेअकराला गेलं तरच मिळायचं. माझ्या सासऱ्यांनी त्याला मेतकूट चाखवलं. तो डोळे मिटून दोन मिनिटं गप्प. मग विचारलं, यात कोणती भाजलेली डाळ आहे. सासरे इतके खूश की अख्खी पुडी देऊन आले, आणि मी उरलेले चार दिवस मेतकुटाशिवाय.

त्रिनिदादला गेलीस तर प्रश्नच नाही. डबल्स म्हणजे मऊ वडे आणि छोले, वर कैरीचं कुचेला लोणचं. १८४५ पासून आपली माणसं तिथे आहेत, मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारकडची.

लिंबूटिंबू
थँक्यू चिंगीताई 🙏 आईला मेतकूट आणायला सांगते

अण्णांची_काठी
त्रिनिदाद निघालं म्हणून लिहितो. आमच्या तीर्थरूपांना समुद्रात काडीचा रस नव्हता. त्यांना पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघायचं होतं. १९७१ चा भारताचा वेस्ट इंडिज दौरा, वाडेकर कप्तान, सरदेसाईंच्या मालिकेत ६४२, गावसकरांच्या चार कसोटींत ७७४. त्यातला प्रत्येक डाव त्यांना पाठ, रेडिओवर ऐकलेला. टोबॅगोत पिजन पॉइंटजवळ छान खोली घेतली होती. पहिल्या दिवशी म्हणाले, पाणी छान आहे, आता मैदानाला कधी जायचं? शेवटी एक दिवस त्रिनिदादला विमानाने जाऊन-येऊन केलं, वीस-पंचवीस मिनिटांचं उड्डाण. राखणदाराने आत सोडलं. बाबा खेळपट्टीपासून बऱ्याच लांब उभे राहिले, चपला काढून. मी फोटो काढला नाही, कसंतरी वाटलं. बीचवरचे मात्र दोनशे आहेत.

कोयरी
काठी 🙏

रिकामटेकडा
सरदेसाई मूळचे गोव्याचे ना? मडगाव.

अण्णांची_काठी
हो, मडगावच.

बाष्कळ
क्रिकेट आहेच तर माझंही घ्या. २९ जून २०२४, बार्बाडोसचं ब्रिजटाऊन, टी-२० विश्वचषकाची फायनल. आम्ही सात धावांनी जिंकलो (आम्ही म्हणजे मी आणि बुमराह). दुसऱ्या दिवसापासून बेरिल वादळाची हाकाटी. विमानतळ बंद, संघही तिथेच अडकलेला, फक्त ते मोठ्या हॉटेलात आणि मी दक्षिण किनाऱ्यावरच्या आठ खोल्यांत. पण खरं सांगतो, तेव्हा छोटी जागा कामी आली. मालकाने खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, मला हातोडी दिली. टबात पाणी भरून घेतलं. रात्री त्याच्या आईने आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवून मक्याच्या पिठाचं नि भेंडीचं कू-कू केलं. घोटलेल्या उकडीसारखं लागतं. वादळ दक्षिणेकडून निघून गेलं, आमच्याकडे एक छप्पर आणि खूप नारळ पडले. कोळ्यांच्या बोटी मात्र गेल्या बिचाऱ्यांच्या. ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर तर घरं उरली नाहीत.

जून ते नोव्हेंबर स्वस्त का असतं ते असं कळलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. जायचंच असेल तर अरूबा, बोनेअर, कुरासाव ही खालची बेटं बघा, वादळं सहसा तितकी खाली येत नाहीत.

सातूचं_पीठ
अरूबाला वारा किती सांगा आधी. सप्टेंबरात गेलो. तिथली दिवी-दिवीची झाडं वाऱ्याने कायमची एका बाजूला वाकलेली आहेत, यातच सगळं आलं. टोपी गेली, ओढणी गेली, सासूबाईंचा पोथीचा कागदही गेला. ऊन लागत नाही आणि संध्याकाळी पाठ भाजलेली. पण पाऊस नाही, शेवाळ फार नाही, मी परत जाईन.

बाष्कळ
एक राहिलं, बार्बाडोसला किनाऱ्यावर काही झाडांच्या बुंध्याला तांबडा पट्टा मारलेला असतो. मँचिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, विषारी. पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही, पानांवरून ठिबकलेल्या पाण्याने अंगावर फोड येतात. मुलांना आधी सांगा. मी सावली बघून टॉवेल पसरलाच होता, मालक ओरडत धावत आला.

हर्णैकर
बापरे. हे माहीतच नव्हतं.

पेणचा_पाहुणा
सेंट जॉनलाही आहे, पाटी लावलेली असते.

अधमुरं_दही
कोणी खर्चाचं बोलेल का? सगळे 'छोटं-छोटं' म्हणताहेत, छोटं म्हणजे स्वस्त नव्हे.

कोयरी
खरंय दही. आमची खोली मोठ्या रिसॉर्टपेक्षा स्वस्त होती, पण तिथे जेवण धरलेलं असतं. आम्ही बाहेर खायचो. सेंट जॉर्जेसला जायला एक नंबरची व्हॅन-बस, थांबवायची तर पत्र्यावर टकटक करायचं, एसटीच्या कंडक्टरसारखं. नवऱ्याला त्यातच इतकी मजा यायची की गरज नसताना टकटक करायचा आणि मग उतरावं लागायचं. शनिवारच्या बाजारात नीरफणस घेऊन आले, बाईंच्या स्वयंपाकघरात काप केले, हळद-तिखट-तांदळाचं पीठ लावून. त्या त्याचं ऑइल डाउन करतात, नारळाच्या दुधात शिजवून, हळद घालून. आमचे काप त्यांना 'कोरडे' वाटले. स्पष्ट बोलायच्या.

वाटाण्याच्या_अक्षता
नीरफणसाचे काप कोरडे? पत्ता द्या त्यांचा.

चिंगी_न्यूजर्सी
तळ्यात मळ्यात, कॉल संपला का?

तळ्यात_मळ्यात
संपला. काय लिहिणार होतो ते विसरलो.

रिकामटेकडा
कोयरीताई, पुरण झालं का? घातलं का शेवटचं जायफळ?

कोयरी
झालं. अर्धंच घालायचं ठरवलं होतं, किसता किसता हात थांबला नाही. पोळ्या खाऊन नवरा सोफ्यावर घोरतोय, मुलगा अभ्यासाच्या वहीवर. मलाही पेंग येतेय, बाकीच्यांना उत्तरं उद्या.