मदत हवी आहे: गल्लीतल्या ४० घरांच्या ओल्या कचऱ्याचं खत (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

पेठकरी: तालमीमागं १० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे, मंडळाची परवानगीही मिळाली. मोठा खड्डा काढून रोजचा कचरा टाकत गेलं तर जमेल काय? पावसाळ्यात वास सुटून शेजारी कटकट करतील, हीच भीती आहे.

काळीमाती: खड्डा नको. आपल्याकडच्या पावसात तो पाण्यानं भरतो, हवा बंद होते, मग कचरा कुजतो आणि घाण सुटते. जमिनीवर एकेक मीटर लांब-रुंद-उंच असे चार हौद ओळीनं करा. अँगलची चौकट आणि तळासकट अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, म्हणजे उंदीर-घुशी शिरत नाहीत. तळ विटांवर उचला, त्यावर वीतभर नारळाच्या शेंड्या. वर पत्रा, पुढं-मागं दीड-दोन फूट आणि दोन्ही टोकांना जागेत मावेल तेवढा पुढं आलेला.

घरटी अर्धा किलो धरला तर रोज २० किलो, म्हणजे साधारण दोन बादल्या. त्यावर तेवढ्याच बादल्या सुका माल (वाळका पाला, भुसा). ढीग खाली बसत जातो, त्यामुळं एक हौद भरायला वीसेक दिवस लागतात. चौथा भरेपर्यंत पहिल्याला दोन महिने मिळतात. विरजण म्हणून पहिल्या थरावर शेणकाला शिंपडा. आठवड्यातून एकदा वर-खाली करा.

पाचटवाला: खरा प्रश्न सुक्या मालाचा आहे, हौदाचा नव्हे. जून ते सप्टेंबर वाळका पाला कुठंच मिळत नाही आणि बहुतेक प्रकल्प तिथंच बंद पडतात. चार महिन्यांना साठेक पोती लागतील. ऊसतोड चालू असतानाच शेतातलं पाचट (उसाचा वाळका पाला) बोलून ठेवा. गुऱ्हाळाचं चिपाड चुलवाणात जळतं, त्याच्या मागं लागू नका. पाचट कुट्टी मशीनमधून दोन-तीन इंचांचं करून घ्या. लांब राहिलं तर त्याच्या चटया होतात, हवा खेळत नाही. सुताराचा भुसा चालेल, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

पेठकरी: रविवारची हाडं, रस्सा? आणि अळ्या झाल्या तर?

काळीमाती: हाडं आणि तेलकट रस्सा अजिबात नको, कुत्री आणि उंदीर त्यावरच येतात. अंड्याची टरफलं चालतात. राखट रंगाच्या जाड अळ्या सैनिक माशीच्या, त्या कचराच खातात. घाबरू नका, पण माल ओला झालाय असं समजा. मूठभर दाबून बघा: एक-दोन थेंब ठीक, धार लागली तर सुकं वाढवा. नाकात झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, तिथंही सुकंच घाला. कुजका वास म्हणजे हवा नाही, लगेच उलथा. चांगला ढीग तीन-चार दिवसांत ५५ अंशांच्या वर तापतो. लोखंडी गज पाच मिनिटं खुपसून काढला की हातात धरवत नाही. तापलाच नाही तर माल कोरडा आहे किंवा कमी आहे.

पाचटवाला: म्हणूनच पाच-सहा घरांवर सुरुवात करू नका, एवढा मोठा हौद तेवढ्यात तापत नाही. निदान वीस घरं जोडा आणि जानेवारीत सुरू करा, म्हणजे पाऊस लागायच्या आत पहिलं खत चाळून हातात येईल. चाळणीवर राहिलेला चोथा पुढच्या हौदात टाका, शेणकाल्याची गरज उरत नाही.