फोन नेटवर्क फक्त नावाने ओळखतो

साइटवर कुलपाचं चिन्ह असेल तर फुकटच्या वायफायवर बँकेचं कामही बिनधास्त करावं, असं बरेच जण म्हणतात, आणि ते बरंचसं पटतं. २०१० मध्ये फायरशीप हे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर (एक्स्टेंशन) आलं, तेव्हा त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात दोन क्लिकमध्ये शिरता यायचं, कारण लॉगिननंतरची कुकी, म्हणजे आपण लॉगिन केलेलं आहे ही खूण, उघडीच जायची. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या कुलपाच्या जोडणीवर, गेल्यामुळे तो प्रकार जवळपास थांबला.

पण फोनच्या आठवणीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एकदा जोडलेलं, पासवर्ड नसलेलं नेटवर्क फोन लक्षात ठेवतो, पण ओळखतो फक्त नावावरून. तेच नाव आपल्या हॉटस्पॉटला कोणीही देऊ शकतो, आणि ऑटो-कनेक्ट चालू असेल तर फोन न विचारता जोडला जातो. मागे एसटीने गावी जाताना एका थांब्यावर माझा फोन पुण्यातल्या कॅफेच्या नावाला जोडलेला दिसला. कॅफे शंभरेक किलोमीटर मागे राहिलेला! कोणी मुद्दाम केलं असेलच असं नाही, पण मी खरंच हादरलो. अशा वेळी समोर येणाऱ्या लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायची आपल्याला सवयच झालेली आहे. त्यात ईमेलचा पासवर्ड मागितला तरी कितीतरी लोक देऊन मोकळे होतील. घरी आल्यावर मी सेटिंगमधली जुनी उघडी नेटवर्कं एकेक करून काढली, आईच्या फोनमधलीसुद्धा.