मदत हवी आहे : गिंको कुलाचे प्राचीनत्व नेमके कोणत्या शब्दांत मांडावे?

नमस्कार. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकासाठी मी प्रकटबीज वनस्पतींवर (ज्यांचे बी फळात झाकलेले नसते अशा वनस्पतींवर) टिपण लिहीत असून गिंको या झाडापाशी येऊन अडले आहे. ‘हे झाड वीस कोटी वर्षे जसेच्या तसे टिकून आहे’ असे पहिल्या खर्ड्यात मी बेधडक लिहिले होते. वाचन वाढल्यावर मात्र ते वाक्य खोडावे असे वाटू लागले.

कारण असे की, चीनच्या हेनान प्रांतात यीमा येथे सापडलेल्या सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या गिंकोची पाने खोलवर चिरलेली आहेत आणि त्याच्या प्रत्येक बीजांडाला (ज्यापासून पुढे बी तयार होते त्या भागाला) स्वतंत्र देठ आहे. चीनच्याच ल्याओनिंग प्रांतातील सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या, २००३ मध्ये वर्णिलेल्या जातीत ते स्वतंत्र देठ नाहीसे झालेले दिसतात. आजच्या झाडावर एका लांब देठाच्या टोकाला बहुधा दोनच बीजांडे येतात, आणि त्यांतलेही बहुतेक वेळा एकच पिकते. एवढा फरक असताना ‘जसेच्या तसे’ कसे म्हणावे? अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या पॅलिओसीन काळातील (सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे) जीवाश्म आजच्या झाडाशी पुष्कळच जुळतात, हे खरे; पण तो काळ फार अलीकडचा झाला. म्हणून ‘प्रजाती (genus) प्राचीन, आज उरलेली जाती (species) मात्र एकच, गिंको बायलोबा’ असे लिहिणे शास्त्राला धरून होईल का?

दुसरी अडचण आरंभाची आहे. दक्षिण फ्रान्समधील पर्मियन काळातील (पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या) ट्रायकोपिटिस या वनस्पतीला काही अभ्यासक या वंशावळीच्या मुळाशी ठेवतात, तर काहींना ते मान्य नाही. भित्तिपत्रकात तिचा उल्लेख करावा की टाळावा?

गिंकोच्या कुलाच्या (family) स्थापनेची हकीकत मला स्वतःला फार आवडली, म्हणून ती सविस्तर देणार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गिंकोला यू या सूचिपर्णी वृक्षाच्या कुलात बसवत असत. १८९६ मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ साकुगोरो हिरासे यांना टोकियोच्या कोइशिकावा उद्यानातील झाडाच्या बीजांडात पोहणारे शुक्राणू दिसले. नेच्यांमध्ये (फर्नमध्ये) अपेक्षित असलेली ही गोष्ट बी धरणाऱ्या झाडात आढळल्यावर पुढच्याच वर्षी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी गिंकोएसी हे वेगळे कुल मांडले. (पानांचा पंखा आणि दुभंगत जाणाऱ्या शिरा पाहून आपल्याकडील हंसराज हा नेचा आठवतो, पण ते साम्य केवळ दिसण्यापुरते आहे.)

शेवटची विनंती परिभाषेची. जुन्या मराठी ग्रंथांत ‘बीजक’ आणि ‘रेतुक’ हे शब्द आढळतात, तर विद्यार्थ्यांना ‘बीजांड’ आणि ‘शुक्राणू’ ओळखीचे आहेत. शिवाय पिवळसर, दुर्गंधी गराने वेढलेल्या गिंकोच्या बीला ‘फळ’ म्हणणे चूकच आहे, तरी त्या गराला मराठीत काय म्हणावे ते मला सुचलेले नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया वर्गात रुळलेला शब्द सुचवावा.