दोन सामन्यांमधल्या चार दिवसांत बचावफळी आणि बेंच कसा पारखायचा? (कॉलेज संघ, इंदूर)

पलासियाकर

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल विचारायचं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू आहे. साखळीतला पहिला सामना २-१ जिंकला, कालचा सोमवारचा ३-३ बरोबरीत सुटला. आता शुक्रवारी दुपारी बाद फेरी. खाल्लेल्या चार गोलांपैकी तीन साठाव्या मिनिटानंतरचे आहेत.

आम्ही ४-४-२ (चार बचावाचे, चार मधले, दोन पुढचे) खेळतो. अठरा जण आहेत: २ गोली, ६ बचावाचे, ६ मधले, ४ पुढचे. बचावाच्या सहांपैकी नेहमीचे चार सोडले तर उरलेले दोघेही स्टॉपर (बचावाच्या मधोमध उभे राहणारे) आहेत. उजव्या फुलबॅकची (कडेच्या बचावपटूची) मांडी काल मागून धरली. डाव्या स्टॉपरला एक पिवळं कार्ड आहे. मैदान काळ्या मातीचं, पावसाळ्यानंतर वाळून कडक झालेलं. शुक्रवारचा संघ लांब बॉल मारतो, त्यांचा सेंटर फॉरवर्ड उंच आहे आणि एकाचा थ्रो थेट गोलसमोर पडतो.

दोन्ही सामन्यांचं मोबाइलवरचं शूटिंग आहे. मुलांचं म्हणणं, स्टॉपर बदला. खरंच बदलायचे का? आणि बेंचवरच्यांत किती दम आहे हे शुक्रवारच्या आत कसं कळणार?

स्टॉपर४

आधी गोल मोजणं सोडा. चार गोलांवरून बचावाबद्दल काहीच ठरवता येत नाही. त्यातला एखादा पायाला लागून आत गेलेला असतो, आणि बारला लागून परत आलेला बॉल हिशेबात येतच नाही. मोजायचं ते हे: समोरचा संघ तुमच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात किती वेळा शिरला आणि प्रत्येक वेळी कसा शिरला.

वही घ्या, कालचा सामना लावा आणि फक्त हे शिरकाव थांबवून बघा. प्रत्येकाची एक ओळ: मिनिट, आपण बॉल कुठे गमावला, ते आत कसे आले (बाजूने, मधून, लांब बॉलवर, कॉर्नर किंवा थ्रोवर), त्या क्षणी बॉलच्या मागे आपले किती जण होते, शॉट झाला का आणि कुठून. एका सामन्याला तीन तास धरून चाला, घाईने भरलेली शीट निरुपयोगी असते. शॉटचं वजन जागेवरून ठरवा. पेनल्टी बॉक्सबाहेरून मारलेले शॉट शंभरात जेमतेम तीन-चार आत जातात, म्हणून त्यांची मोठी चिंता नको. गोलच्या खांबांपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतच्या पट्ट्यातून झालेला प्रत्येक शॉट मात्र लाल शाईने लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं, गोल झाला की व्हिडिओ आठ-दहा सेकंद मागे न्या. शेवटच्या माणसावर बोट ठेवणं सोपं असतं, कारण तो पडद्यावर दिसतो. साठ मिनिटांनंतर ४-४-२ बहुतेक वेळा पुढून तुटतं. दोघे फॉरवर्ड दाबायला जात नाहीत, समोरचा मधला माणूस निवांत वळतो, त्याला अडवायला आपला स्टॉपर पुढे येतो आणि त्याच्या मागे खिंडार पडतं. गोल स्टॉपरच्या नावावर लागतो, चूक मात्र चाळीस मीटर पुढे झालेली असते.

हे डोळ्यांनी मोजता येतं. बचावाची रेषा आणि मधली फळी यांच्यातलं अंतर बघा. पेनल्टी बॉक्सची खोली १६.५ मीटर आणि मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, या खुणांवरून अंदाज बांधा. १२ ते १५ मीटर ठीक. बॉक्सच्या खोलीपेक्षा जास्त झालं की दोन फळ्यांमध्ये समोरच्याला मोकळी खोलीच मिळते. पहिल्या अर्धातासातले पाच क्षण आणि साठनंतरचे पाच क्षण शेजारी ठेवून बघा.

शूटिंग करणाऱ्याने बॉलच्या मागे झूम केलं असेल तर मात्र बचावाची रेषा चौकटीबाहेर राहते. शुक्रवारी त्याला उंचावरून, मधल्या रेषेजवळून, रुंद चौकट ठेवायला सांगा.

डगआउट

बेंचबद्दल सांगतो. अठरा नावं म्हणजे अठरा पर्याय नव्हेत. कागदावर अकरा जागा मांडा, प्रत्येक जागेखाली दुसरं आणि तिसरं नाव लिहा. मग प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारा: हा बाहेर गेला तर आणखी किती जणांना जागा सोडावी लागते? कोणालाच नाही, तर ती जागा भरलेली आहे. एकाला सोडावी लागते, तर निभावेल. दोघांना किंवा जास्त जणांना हलावं लागत असेल तर तिथे तुमच्याकडे राखीव माणूस नाही असंच समजा, बेंचवर सात जण बसलेले असले तरी. एकच मुलगा तीन जागांखाली दुसरा लिहिला असेल तर त्याला एकदाच मोजा. शेवटी कोणतीही दोन नावं एकदम खोडून बघा. खरी परीक्षा तिथे होते, कारण दुखापत आणि कार्ड एकाच सामन्यात येऊ शकतात.

तुमच्या यादीत भोक स्पष्ट दिसतं आहे: दोन्ही राखीव बचावपटू स्टॉपर, फुलबॅकला पर्याय नाही. मार्ग तीन. उजव्या विंगवाल्याला मागे आणलं तर विंगवर नवा माणूस लागतो, म्हणजे दोन जागा हलल्या. डाव्या फुलबॅकला उजवीकडे नेलं तरी दोन, वर त्याचा पाय उलटा पडतो आणि बाजूने येणाऱ्या पासवर तो आत वळत राहतो. राखीव स्टॉपरांपैकी वळायला जो चपळ आहे त्याला उजवीकडे उभं केलं तर एकच जागा हलते. शुक्रवारचा संघ उंच बॉल मारणारा आहे, तेव्हा मागे आणखी एक डोकं लावणारा मिळतो, हा वरचा फायदा. मात्र त्याला पुढे जायला बंदी. चढायचं डाव्या फुलबॅकने, आणि तो चढला की उरलेल्या तिघांनी डावीकडे सरकायचं.

पारख करताना बऱ्याच ठिकाणी राखीव चौघांना एकत्र उभं करून सामना खेळवतात. त्यातून काही कळत नाही, कारण प्रत्यक्षात ते चौघे कधीच एकत्र उतरणार नाहीत. एकाच राखीव मुलाला नेहमीच्या तिघांत बसवा. बुधवारी अर्ध्या मैदानावर चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन मधले आणि गोली, समोर सहा जण. हल्लेखोर कमी पडले तर कॉलेजच्या दुसऱ्या फळीतली मुलं बोलवा. प्रत्येक हल्ला मधल्या रेषेपासून सुरू, बारा हल्ले, मग राखीव बदला. नेहमीच्यांनी सोमवारी पूर्ण सामना खेळला आहे, म्हणून एकूण वीस मिनिटांच्या वर नको आणि टॅकल टाळा.

बघायचं काय, तर राखीव मुलाचं टॅकल नव्हे. बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो आत सरकतो का, रेषा वर चालली की सोबत येतो का, तोंडाने बोलतो का. नव्या माणसामुळे ऑफसाइडची रेषा मोडते ती अशाच वेळी, बॉल त्याच्यापासून लांब असताना.

आणखी एक. नियमपुस्तकात पाच बदल आणि त्यासाठी तीन वेळा खेळ थांबवण्याची मुभा आहे, मध्यंतर वेगळं. पण स्थानिक स्पर्धेचा नियम निराळा असू शकतो. पिवळ्या कार्डांचंही तेच. दोन्ही गोष्टी आयोजकांकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर संघ निवडू नका. निलंबन पुढच्या सामन्याचं असतं, तेव्हा बाद फेरीत कार्डाच्या भीतीने स्टॉपरला बसवायची गरज नाही. त्याला मधल्या भागात घसरून टॅकल करू नकोस एवढंच बजावा.

मांडी_घोटा_गुडघा

फिजिओ म्हणून उत्तर देतो.

फुलबॅकबद्दल आधी हे ठरवा की तो गोळा होता की स्नायू ताणला गेला. गोळा ताण दिल्यावर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त दुखरेपणा उरतो. धावताना एका क्षणी टोचून थांबावं लागलं असेल आणि आज दाबल्यावर एका जागी दुखत असेल तर स्नायूला इजा आहे, आणि सौम्य इजेलाही चार दिवस सहसा पुरत नाहीत. बुधवारी तपासा: पाठीवर झोपून सरळ पाय दोन्ही बाजूंना सारखा उचलला जातो का, एका पायावर ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) करताना दुखतं का. दोन्ही ठीक असेल तरच हळूहळू वेग वाढवत धाववा. पूर्ण वेगात, आणि अचानक थांबताना, जराही ओढ जाणवली तर शुक्रवारी नाव कापा. "पंधरा मिनिटं खेळून बघतो" हे फुलबॅकच्या जागेवर चालत नाही. पहिल्याच लांब स्प्रिंटला ती मांडी फाटते आणि तुमचा एक बदल वाया जातो.

बाकीच्यांचा भार मोजायला यंत्र लागत नाही. सामन्यानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, किती कठीण गेलं, शून्य ते दहा. तो आकडा गुणिले खेळलेली मिनिटं. ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. वीस मिनिटं खेळलेल्या राखीव मुलाचा आकडा शंभर-दीडशे येतो. त्याला आजच दमदार सराव द्या, चारास चार आणि पंधरा-वीस मीटरचे सहा-आठ स्प्रिंट. नाहीतर तो शुक्रवारी ताजा दिसेल आणि सत्तराव्या मिनिटाला धापा टाकेल. पूर्ण खेळलेल्यांना आज फक्त चालणं, हलकं सायकलिंग, झोप. स्नायूंतली साखर भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात, त्यामुळे भात, पोळी, बटाटा, केळी पोटभर.

सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, मीठ-साखर घालून. साठनंतर ढेपाळणाऱ्या मुलांचा आणि घटलेल्या वजनाचा मेळ बसतो का ते बघा, पुष्कळदा बसतो. सामन्याआधी तीन तास पोहे उत्तम, पण शेव आणि कचोरी सामना संपल्यावर.

काळ्या मातीला भेगा पडल्या की घोटे मुरगळतात आणि लांब स्क्रूचे स्टड रुतण्याऐवजी पाय अडकवतात. आखूड मोल्डेड स्टड घाला. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर बसून सावकाश पुढे झुकणं) हा मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी फार चांगला व्यायाम आहे, पण या आठवड्यात नको. सवय नसेल तर दोन दिवस मांड्या भरून येतात.

जुना_गोली

उंच फॉरवर्डशी हवेत एकट्याने झुंजू नका. एक स्टॉपर त्याच्याशी उडी मारतो, दुसरा आठ-दहा मीटर मागे, दोन्ही फुलबॅक आत. त्याने डोकं लावलं तरी चालेल, बॉल पडतो कुठे ते महत्त्वाचं. डीच्या (बॉक्सला लागून असलेल्या अर्धगोलाच्या) आसपास पडणारा दुसरा बॉल मधल्या दोघांचा. रेषेचा नियम साधा ठेवा: बॉलवाल्यावर दाब नाही आणि त्याने मान वर केली, की सगळे पाच मीटर मागे. त्याने बॉल मागे दिला, की सगळे वर.

लांब थ्रोवर थेट ऑफसाइड नसतो हे मुलांना परत सांगा, कारण बरेच जण सवयीने वर धावतात. उंच माणसाच्या पुढे एक, मागे एक, आणि जवळच्या खांबाशी एक. थ्रो जवळच्या खांबाकडेच पडत असेल तर गोलीने बाहेर यायची घाई करू नये, गर्दीत अडकतो.

दुसऱ्या गोलीला विसरू नका. आज-उद्या त्याला दहा कॉर्नर, दहा लांब थ्रो, आणि दाबाखाली दहा बॅकपास द्या. शॉट अडवण्याचा सराव तो रोज करतोच, कमी पडतात या तीन गोष्टी. दोन्ही गोलींना २०२५-२६ पासूनचा नियमही समजावा: बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. तुमचा पुढचा प्रतिस्पर्धी उंच बॉलवर जगणारा आहे, त्याला फुकटचा कॉर्नर नको.

पलासियाकर

सर्वांचे आभार. कालच्या सामन्याची शीट भरली. ३१ शिरकाव, त्यातले १४ साठनंतर. या १४ पैकी ९ वेळा बॉल आपण मध्यभागी किंवा उजव्या विंगवर गमावला होता. स्टॉपर समोरासमोर हरला असे फक्त ३. फळ्यांमधलं अंतर आधी बॉक्सच्या खोलीइतकं, साठनंतर जवळपास दीडपट. फुलबॅकला दाबल्यावर एका जागी दुखतं आहे, तो बाहेर. मग स्टॉपर तेच ठेवून साठाव्या मिनिटाला काय बदलू?

स्टॉपर४

स्टॉपर तेच. ५५ ते ६० च्या दरम्यान दुसरा फॉरवर्ड काढा आणि राखीव मधल्यांपैकी जो पास अडवण्यात हुशार आहे त्याला दोन स्टॉपरांच्या पुढे उभं करा, म्हणजे ४-१-४-१. हाच माणूस उंच फॉरवर्डच्या पुढ्यात उभा राहतो आणि दुसऱ्या बॉलवरही असतो. गोल खाऊन मग बदल करू नका, वेळ आधीच ठरवा. दुसरा बदल उजव्या विंगचा, साधारण ७० ला, कारण त्या बाजूचा फुलबॅक नवखा आहे आणि दमलेला विंगवाला त्याच्या मदतीला परत येणार नाही. एक बदल शेवटपर्यंत हातात ठेवा, स्टॉपरसाठी.

गुरुवारी हे नुसतं चालत-चालत वीस मिनिटं करून घ्या, दोन्ही रचना, आणि थ्रोच्या जागा. बोर्डवर बदलांची मिनिटं आणि नावं लिहून ठेवा, म्हणजे बाहेर येणाऱ्यालाही आधीपासून माहीत असेल.