घरचं सोयाबीन, दाणा टपोरा. एकरी बियाणं किती टाकू?

प्रश्न: गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवले होते, 62 उगवले. गावात सगळे एकरी 30 किलोच पेरतात. पुरेल का?

उत्तर: दादा, आधी 100 दाण्यांचं वजन सांगा. सोनाराच्या काट्यावर करून मिळेल.

प्रश्नकर्ता: 14 ग्रॅम भरलं, काका.

उत्तर: मग 30 किलोत भागणार नाही. दोन ओळींत 45 आणि दोन रोपांत 5 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी साधारण 1 लाख 78 हजार रोपं बसतात. तुमच्या दाण्याने तेवढ्याचंच वजन 25 किलो होतं. 62 टक्के उगवण धरली की 40 किलो. 30 किलोचा आकडा 70 टक्के उगवण आणि 100 दाण्यांना 12 ग्रॅम भरणाऱ्या बियाण्याला जुळतो. आणि गोणपाट उघडाल तेव्हा नीट बघा: मोड वाकडा, खुंटलेला किंवा दल (दाण्याची फाक) तुटलेलं असेल तर तो दाणा उगवला म्हणून मोजू नका. मळणीयंत्र जोरात फिरलं की टपोऱ्या दाण्याला आतून इजा होते, वरून कळतसुद्धा नाही.

दुसरं उत्तर: भाऊ, पोती फरशीवर आपटू नका, सोयाबीनची साल फार पातळ. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल नको.