मदत हवी आहे: स्प्रिंटरने ऑलिंपिकआधी रेस सोडावी का? (अर्जंट)

बाझलकर | सोम, १८ जुलै २०१६, २२:४०
मंडळी जरा पटकन सांगा. चार जिंकून झाल्यात, पुढे चार दिवस नुसते डोंगर आणि मग एकदम शेवटचा दिवस. ऑगस्टमध्ये ऑलिंपिक. अशा वेळी स्प्रिंटरने रेस सोडावी की रेटून पूर्ण करावी? मला उद्या दुपारी १२ च्या आत ठरवायचंय. गूगल करून झालंय, जितकी तोंडं तितकी मतं. जाणकारांनीच लिहा, टीपी नको.

खडखडाट | २२:५१
कोण जिंकला, काय जिंकला, कुठे? तुम्ही स्वतः का? असाल तर आधी अभिनंदन.

अर्धा_कप | २२:५५
बोल्टबद्दल आहे ना? त्याने या महिन्यात जमैकाच्या ट्रायल्स सोडल्या, मांडीमागचा स्नायू दुखावला म्हणून. माझ्या मते बरोबर केलं. रिओत तोच जिंकणार, लिहून ठेवा.

बाझलकर | २२:५७
अहो डोंगर लिहिलंय वर. बोल्ट डोंगरात कशाला पळेल? सायकल!

गिअरबॉक्स | २३:२०
अरे बाबा मग सरळ नाव लिही की. टूर द फ्रान्स चालू आहे आणि हा मार्क कॅव्हेंडिशबद्दल विचारतोय. बाकीच्यांसाठी: यंदा त्याने यूटा बीच, अँजे, मोंतोबाँ आणि परवा शनिवारी व्हिलार-ले-डोंब असे चार टप्पे मारलेत, एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी तर आयुष्यात पहिल्यांदा अंगात घातली. एकूण झाले ३०. बर्नार इनोचे २८ मागे पडले, आता पुढे फक्त एडी मर्क्स, ३४. आज बर्नला सागान जिंकला, तोही क्रिस्टॉफच्या पुढे जेमतेम टायरभर. उद्या विश्रांतीचा दिवस. बुधवार ते शनिवार आल्प्स, तिथे स्प्रिंटरला काडीचं काम नाही, शेवटच्या घोळक्यात बसायचं आणि वेळेची मर्यादा संपायच्या आत कसंबसं पोचायचं, नाहीतर घरी. मग रविवारी पॅरिस. म्हणजे एका स्प्रिंटसाठी चार दिवस हाल.

आणि रिओत तो रोड रेस नाही, ट्रॅकवर ओम्नियम करणार आहे, १४-१५ ऑगस्टला. दोन दिवसांत सहा प्रकार: स्क्रॅच, चार किलोमीटरची परस्यूट, एलिमिनेशन, एक किलोमीटर टाइम ट्रायल, फ्लाइंग लॅप आणि शेवटी पॉइंट्स रेस. त्याला ब्रेक नसलेली, एकाच गिअरची सायकल लागते. तीन आठवडे घाट चढले की दम वाढतो पण पायातला झटका जातो. मी त्याच्या जागी असतो तर उद्याच निघालो असतो.

बादवे तुला १२ पर्यंत काय ठरवायचंय? तो तुला विचारून सोडणार आहे का?

सदूभाऊ | २३:३४
अर्ध्यात सोडणे हा प्रकार आमच्या पिढीला समजत नाही. २००२ साली आम्ही सहा जण पुण्याहून गोव्याला सायकलने गेलो, साध्या काळ्या सायकली, अंबोलीत धो धो पाऊस, एकाचं पेडल तुटलं तर त्याने उरलेला घाट एका पायाने मारला पण एसटीत बसला नाही. आणि गेल्याच वर्षी आपल्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू अमेरिकेतली रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका) पूर्ण करून आले, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर. ते म्हणाले का मध्येच, की आमची ओपीडी आहे, आम्ही निघतो?

गिअरबॉक्स | २३:४०
सदूभाऊ, महाजन बंधूंना दंडवतच, पण रॅमनंतर तीन आठवड्यांनी त्यांना लाकडी ट्रॅकवर चार किलोमीटर फुल्ल जोर लावून मारायचे नव्हते. तुम्ही अंतर मोजताय, मी वेग. दोन वेगळे खेळ आहेत हे.

सदूभाऊ | २३:४८
बरं मग वेगाचंच बोलू. मार्चमध्ये लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तुमचा माणूस ओम्नियमला सहावा आला होता. मी पण पेपर वाचतो. सहावा आलेल्याने पदकाची स्वप्नं बघत हातातली रेस सोडायची?

नि३ | २३:५९
दोघांनाही आकडे देतो, भांडा मग.
२००८: कॅव्हेंडिशने चार टप्पे जिंकून टूर सोडली, बीजिंगला त्याच्याच ब्रिटनच्या विगिन्सबरोबर मॅडिसन (ट्रॅकवरची जोडीची रेस) केली, पदक शून्य.
२०१२: टूर पूर्ण केली, पॅरिसला सलग चौथ्यांदा जिंकला, सहाच दिवसांनी लंडनची रोड रेस, २९ वा.
म्हणजे सोडली तरी नाही आणि नाही सोडली तरी नाही.

सदूभाऊ | मंगळ, १९ जुलै, ००:०६
२०१२ ला विगिन्सने टूर पूर्ण करून, नुसती पूर्ण नाही जिंकून, १ ऑगस्टला टाइम ट्रायलचं सोनं घेतलं. ते सोयीस्कर विसरलात. रोड रेस जिंकणारा विनोकुरोवसुद्धा तीच टूर चालवून आला होता.

गिअरबॉक्स | ००:१५
विगिन्स स्प्रिंटर आहे का? आणि लंडनला २९ वा आला तो थकल्यामुळे नाही. ऑलिंपिकमध्ये संघ पाचच जणांचा असतो, पुढे पळालेल्यांना पकडायला दुसरा कुठलाच देश मदत करेना, त्याचे चौघं साथीदार बॉक्स हिल टेकडीच्या नऊ फेऱ्यांमध्ये पुढे राहून वारा खात बसले आणि पुढचे निसटले ते निसटलेच. त्यात टूरचा काय दोष?

अर्धा_कप | ००:१८
विनोकुरोव म्हणजे तोच ना, डोपिंगवाला?

नि३ | ००:२०
हो तोच. पण तो विषय इथे नको, पहाट होईल.

पंक्चर_दुरुस्ती | ००:३१
सायकलवाले सगळे जमलेच आहेत तर विचारतो, २५ हजारांत हायब्रिड कुठली घ्यावी? रोज वारजे ते हिंजवडी.

गुडघेदुखी_तज्ज्ञ | ००:४४
रेस सोडायची असेल तर एकदम बसून राहू नये, पाय जड होतात. रोज तासभर हलकं पेडलिंग, रात्री हळदीचं दूध. माझ्या मेव्हण्याचे गुडघे याच चुकीने गेले. सीटची उंची पण चेक करा, नव्वद टक्के लोकांची चुकलेली असते.

खडखडाट | ००:४६
तज्ज्ञ, कॅव्हेंडिशला कळवतो. :)

माधवी_ब | ०७:१०
रात्री एवढी लढाई झाली पण धागाकर्ते कुठे गायब? बाझलकर, तुम्ही १२ वाजता नक्की काय ठरवणार आहात ते सांगितलंत तर कोणी उपयोगाचं लिहील. पैज लावलीय का?

बाझलकर | ०७:३५
सॉरी, झोपलो होतो. पैज नाही हो. सासरे आलेत पुण्याहून. ते सत्तरच्या दशकात मुंबई-पुणे सायकल रेसला उतरायचे, आमच्या लग्नाच्या बैठकीत सुद्धा पहिला अर्धा तास बोर घाट आणि घाटाचा राजा (घाटात पहिला येणाऱ्याचा किताब) यावरच गेला होता. टूर दाखवायचं कबूल केलं होतं. काल बर्नला फिनिश, इथून बाझलहून ट्रेनने तासभर, आणि मला ऐन वेळी रजा नाकारली, मग त्यांनी घरात टीव्हीवर बघितली, आवाज बंद करून, कारण कॉमेंटरी जर्मनमध्ये. काही बोलले नाहीत. चहा मात्र ठेवू नका म्हणाले. म्हणून मी गुपचूप रविवारसाठी पॅरिसची तिकिटं काढलीत, टीजीव्ही या फास्ट ट्रेनची, ती परत होत नाहीत, आणि एक हॉटेल, जे आज दुपारी १२ पर्यंत फुकट रद्द होतं, नंतर पूर्ण पैसे. ते दिवसभर कॅव्हेंडिश कॅव्हेंडिश करत असतात. तो पॅरिसला नसेलच तर एवढा खर्च करून काय दाखवू? त्यात नीसला परवा गर्दीत ट्रक घुसवून हल्ला झाला त्यानंतर बायको म्हणते गर्दीत जायचंच नाही. बाबांना अजून काहीच माहीत नाही, सरप्राइज आहे.

माधवी_ब | ०७:४२
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

अर्धा_कप | ०७:४९
सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असला तरी काळजी नको, स्वित्झर्लंडमधून फ्रान्सला जाताना परत एंट्री लागत नाही. इन्शुरन्स मात्र ३० हजार युरोचा बघून घ्या.

बाझलकर | ०७:५१
व्हिसाचं विचारलंच नाहीये.

गिअरबॉक्स | ०८:०५
असं आहे तर माझा अंदाज: सोडणार. गेल्या विश्रांतीपासून चर्चा हीच आहे. एकच गोष्ट आड येते, टीम. डायमेन्शन डेटा ही आफ्रिकेची टीम, क्वुबेका संस्थेमार्फत तिकडच्या मुलांना सायकली द्यायच्या त्या कामासाठी जर्सीवर नाव घेऊन फिरतात, त्यांना पॅरिसला आपला माणूस हात वर करताना हवा असणारच. तरी ६०-४० सोडेल.

सदूभाऊ | ०८:१२
४०-६०. पॅरिस चार वेळा जिंकलेला माणूस पॅरिस सोडत नाही. आणि मध्येच सोडलं तर काही दंड-बिंड नसतो का यांना? आमच्या वेळी क्लबमधून नाव काढायचे.

गिअरबॉक्स | ०८:१९
दंड नाही. नियम एवढाच की सोडलेली रेस चालू आहे तोवर परवानगीशिवाय दुसऱ्या कुठल्या रेसमध्ये उतरायचं नाही. सराव कितीही करा.

कोकणातला_पाहुणा | ०८:४०
मला सायकलिंगमधलं कळत नाही, पण बुधवारचा टप्पा बर्नहूनच सुटतोय ना? मग पॅरिस कशाला, उद्या सकाळी सासऱ्यांना बर्नला न्या. स्टार्टला सगळे सायकलवाले अगदी जवळून दिसतात, फिनिशला सुंईकन जातात, धूळ पण दिसत नाही.

बाझलकर | ०८:४४
उद्या रजा नाही. तोच तर घोळ आहे.

कोकणातला_पाहुणा | ०८:४७
त्यांना ट्रेनमध्ये बसवून द्या. घाटातून सायकल चालवलेला माणूस आहे, एक तासाचा प्रवास नाही का करणार?

माधवी_ब | ०८:५२
+१. आणि दुसरं, त्यांना विचारा ना सरळ. सरप्राइज राहू दे बाजूला.

बाझलकर | ११:५८
बातमी आली. सोडली. रिओच्या तयारीसाठी बाहेर. ११:५३ ला हॉटेल रद्द केलं. सगळ्यांचे आभार.

गिअरबॉक्स | १२:०३
सदूभाऊ, चहा तुमच्याकडून.

सदूभाऊ | १२:१०
चहा पाजतो. मत बदलत नाही. कुस्तीत याला आखाड्यातून पळणं म्हणतात.

नि३ | १२:१४
कुस्तीत चार कुस्त्या मारून झाल्यावर उरलेले चार दिवस मल्लाला डोंगरावर चढवत नाहीत.

बाझलकर | १२:५०
अहो ऐका, घोळ झालाय. जेवताना बाबांना सगळं सांगून टाकलं, म्हटलं कॅव्हेंडिशने सोडली, वाईट वाटून घेऊ नका. तर ते म्हणाले, बरं केलं, मीही एकदा खंडाळ्याला सायकल टेम्पोत टाकून घरी आलो होतो, दुसऱ्या दिवशी बँकेची परीक्षा होती, पाय थरथरत होते तर पेपर काय लिहिणार. घाटाच्या राजाच्या एवढ्या गोष्टी ऐकल्या, हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं, बायकोलाही माहीत नव्हतं. मग विचारलं, तुम्हाला त्यालाच बघायचं होतं ना? तर म्हणे, तो कोण आपला? मला तो दगडी रस्ता बघायचा होता, टीव्हीवर सायकली त्याच्यावरून थडथडत जातात तो.

आता तिकिटं आहेत आणि हॉटेल नाही. तेच हॉटेल आता दुप्पट दाखवतंय.

खडखडाट | १२:५२
हाहाहाहा. सात मिनिटं उरली होती ना!

बाझलकर | १२:५५
हसा. रविवारी एका रात्रीपुरती पॅरिसमध्ये किंवा आसपास सोय कोणाला माहीत आहे का? दोघंच. सासरे शाकाहारी, पण अंडं चालतं.

परी_स्पर्श | १४:३०
मी व्हर्सायजवळ असते, हॉलमध्ये सोफा आहे, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. नवरा म्हणतो शाँझेलिझेवर, म्हणजे त्याच दगडी रस्त्यावर, एका जागी उभे राहिलात तर फेऱ्या मारतात त्यामुळे पुन्हा पुन्हा दिसतात, फक्त दुपारी लवकर जाऊन जागा धरा आणि बॅग छोटी ठेवा, यंदा तपासणी कडक असणार. येताना बाझलहून काही आणू नका, पुण्याचं काही उरलं असेल तर आणा.

बाझलकर | सोम, २५ जुलै, ०९:१५
जाऊन आलो. आधी बुधवारी बाबा एकटे बर्नला गेले, फोनमध्ये सत्तेचाळीस फोटो, त्यातले चाळीस लोकांच्या डोक्यांचे, दोनात सागानची हिरवी (गुणांत पुढे असणाऱ्याची) जर्सी, आणि पाच नुसत्या चेनरिंगचे, कुणाच्या सायकलचे ते त्यांनाही आठवत नाही. पॅरिसला ग्रायपल जिंकला. गर्दी पांगल्यावर रस्ता मोकळा झाला तेव्हा बाबा खाली वाकले आणि दोन दगडांमधल्या फटीत बोट घालून बघितलं, पूर्ण पेरभर जातं म्हणाले, आणि ते बोट तसंच धरून मला दाखवलं. परी_स्पर्श यांचे आभार, भाकरवडी संपली हे कळलंच असेल.

गिअरबॉक्स | मंगळ, १६ ऑगस्ट, ०८:०५
धागा वर काढतोय. ओम्नियम: इटलीचा विवियानी सोनं, कॅव्हेंडिश रौप्य. त्याचं पहिलं ऑलिंपिक पदक. सदूभाऊ हाजिर हो.

सदूभाऊ | १०:४०
बघितली. पॉइंट्स रेसमध्ये त्या कोरियन मुलाला पाडलं ते पण बघितलं. रौप्य आहे, सोनं नाही. टूर पूर्ण केली असती तर दम शेवटपर्यंत पुरला असता.

नि३ | १०:४४
किंवा चौथा आला असता.

सदूभाऊ | १०:४७
ते आता कोणालाच सांगता येणार नाही. चहा देतो म्हटलं होतं तो देतो, रविवारी डेक्कनला या. बाझलकरांच्या सासऱ्यांना पण आणा, खंडाळ्याला उतरले ते कुठल्या साली ते मला विचारायचंय, एक माणूस मी ओलांडल्याचं आठवतं टेम्पोत सायकल चढवताना.

पंक्चर_दुरुस्ती | ११:०२
हायब्रिडचं कोणीच सांगितलं नाही.