अ‍ॅम्लोडिपिनला साधं हँट्झ (सगळं एकत्र टाकून नायट्रोजन असलेली सहा अणूंची रिंग बनवण्याची अभिक्रिया) का चालत नाही?

प्रश्न: निफेडिपिन आणि अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही बीपीची औषधं. निफेडिपिनचं कळलं, २-नायट्रोबेंझाल्डिहाइड, दोन मोल मिथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, अमोनिया, एकत्र रिफ्लक्स केलं (वाफ थंड करून परत आत सोडत उकळलं) की रिंग तयार. पण अ‍ॅम्लोडिपिनच्या रिंगच्या दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, मग ते कसं करतात?

उत्तर: सगळं एकदम टाकलंस तर मिश्रण मिळेल, म्हणून रिंगचा नायट्रोजन एका बाजूला आधीच बसवून घेतात, म्हणजे मिथाइल ३-अमिनोक्रोटोनेट, आणि दुसऱ्या बाजूला वेगळा कीटोएस्टर. या कीटोएस्टरच्या साखळीतला अमाइन मध्येच अभिक्रिया करू नये म्हणून थॅलिमाइड करून झाकतात, शेवटी मोकळा करतात.

दुसरं उत्तर: आणि निफेडिपिन लॅबमध्ये उजेडात ठेवू नकोस रे, रिंगचे हायड्रोजन जाऊन पिरिडिन होतं, नायट्रोचं नायट्रोसो होतं, मग ते कॅल्शियम चॅनल अडवत नाही आणि बीपी उतरत नाही. फॉइल गुंडाळच.

प्रश्नकर्ता: थँक्स, आता मेकॅनिझम लिहून बघतो.